टॅलीवाला सॅप शिकतोय
वाशीच्या एपीएमसीत मसाल्याच्या गाळ्यावर ११ वर्षं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, आता संध्याकाळी ऐरोलीहून ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला सॅप फायकोच्या (मोठ्या कंपन्यांच्या सॅप सॉफ्टवेअरमधला हिशेबाचा भाग) क्लासला जातो, बायको म्हणते या वयात दप्तर घेऊन कुठे निघालात. पहिला झटका म्हणजे इथे एन्ट्री डिलीटच होत नाही! टॅलीत चुकलं की ऑल्ट डी, व्हाउचर गायब, शेठ पण खूश. सॅपमध्ये एकदा पोस्ट केलं की एफबी०८ हा कोड टाकून उलट एन्ट्रीने रिव्हर्स करायचं आणि दोन्ही डॉक्युमेंट कायम दिसत राहतात, म्हणजे आपला गाढवपणा पण रेकॉर्डला. बाकी डेबिट-क्रेडिट तेच हो. क्लासवाल्याची 'नोकरी पक्की' आता 'बघूया'वर आलीये. सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय म्हणून मी थेट नवी आवृत्ती एस फोर हानाच धरलीये. उद्या ॲसेट अकाउंटिंग, म्हणजे मालमत्तेचा हिशेब आहे, घसारा तर आपला जुना दोस्त.