गॉलवेतला शनिवार

जूनमधला शनिवार. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात आज सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतील. उजेडावर विसंबून बेत आखला की फसगत ठरलेली, कारण बऱ्याच पबची स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात आणि रात्रीचं सेशन, म्हणजे पबमधली पारंपरिक आयरिश संगीताची बैठक, साडेनऊच्या आसपास सुरू होतं. जेवण आठच्या आत उरकून आधी जागा धरावी.

दिवसाचं फिरणं पायीच. स्टेशन एअर स्क्वेअर या मुख्य चौकाला लागून आहे. तिथून शॉप स्ट्रीट, क्वे स्ट्रीट करत दहा-पंधरा मिनिटांत स्पॅनिश आर्च (१५८४) आणि कॉरिब नदीचा काठ येतो. शॉप स्ट्रीटवर लिंचेस कॅसल या लिंच घराण्याच्या जुन्या वाड्यासमोर थांबून मान वर करावी. खाली बँक आहे, पण भिंतीवरची कोरीव घराणेचिन्हं बघण्यासारखी आहेत. शनिवारी सेंट निकोलस चर्चच्या (१३२०) कडेला बाजार भरतो. कालवं खायची तर इथली मूळची चपटी जात सप्टेंबर ते एप्रिलमध्येच मिळते. उन्हाळ्यात मिळतात ती पॅसिफिक जातीची. कोकणात आपण ती शिजवतो, इथे शिंपल्यातूनच लिंबू पिळून कच्ची खातात. छत्री नको, समुद्रावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं रेनकोट जॅकेट हवं.

रात्रीचा खरा ऐवज म्हणजे सेशन. टिग कोली किंवा टाफ्स या पबमध्ये मंच नसतो. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती फिडल (व्हायोलिन), बासरी, अकॉर्डियन, बाउरॉन (डफासारखं चर्मवाद्य) घेऊन मंडळी गोल बसतात, भजनी मंडळ बसतं तशी. ती जागा रिकामी दिसली तरी तिथे बसू नये. एक चाल साधारण तीनदा वाजते आणि न थांबता दुसरीत शिरते. अशा दोन-तीन चालींचा एक सेट. टाळ्या सेट संपल्यावर. मधेच टाळीने ठेका धरला तर तो हळूहळू सरकतो आणि वादकांना त्रास होतो. चालींचे दोन नेहमीचे प्रकार: जिग सहाच्या लयीत, रील चारच्या; पायाने ठेका धरून बघितलं की फरक लगेच कळतो. आणि एखादा एकटाच गाऊ लागला की सगळा पब गप्प होतो. तेव्हा ग्लाससुद्धा वाजवू नये.

ऑर्डर बारवर, पैसे बहुधा तिथेच. गिनेस या काळ्या बिअरचा पाइंट (५६८ मिली) आधी पाऊण भरून ठेवतात, फेस बसला की वरचा भाग भरतात. याला दोनेक मिनिटं लागतात. अर्धवट ग्लास उचलू नये. सोबतच्यांनी राउंड पाजला तर पुढचा आपण द्यायचाच.

मुलं बरोबर असतील तर सेशन संध्याकाळचंच गाठावं: १८ वर्षांखालच्यांना रात्री ९ नंतर, मे ते सप्टेंबर १० नंतर, बारमध्ये थांबता येत नाही.

शुक्रवार-शनिवारी साध्या पबमध्ये साडेबाराला विक्री थांबते, मग ग्लास संपवायला अर्धा तास. एकच्या सुमारास सगळे एकदम क्वे स्ट्रीटवर उतरतात आणि टॅक्सीसाठी ताटकळावं लागतं. म्हणून खोली चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावी, आणि जुलैअखेरीच्या घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत भाडी फार चढतात.