तोंड उघडलं तरच गाठ दिसते

सांगली-मिरजेकडे घशाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये मावा-गुटखा खाणारे पुष्कळ. गालात आतून घट्ट पट्टे आलेले, दोन बोटंही तोंडात जात नाहीत. म्हणून तोंडावाटे ऑपरेशन ठरवण्याआधी वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजाच. ३५ मिमीच्या आत असेल तर सावध. दुखण्यामुळे मिटलेलं तोंड भुलीत सैल पडतं, पट्ट्यांनी जखडलेलं पडत नाही.

श्वासाची ट्यूब नाकातून घातली की तोंड मोकळं राहतं. दातांना गार्ड लावा. जिभेच्या टोकाच्या बऱ्यापैकी मागे, मधोमध, जाड सिल्कचा टाका घेऊन जीभ बाहेर ओढा. घाईत टोकाशीच घेतला तर ताण पडताच जीभ फाटते.

मग रिट्रॅक्टर, म्हणजे तोंड उघडं धरून पात्याने जीभ दाबून ठेवणारं साधन. सगळी मेख पात्यात आहे. आखूड पडलं की जिभेचा मागचा भाग पात्यापुढे फुगून येतो. लांब झालं की जिभेच्या मुळाची गाठच त्याखाली झाकली जाते. तीनदा बदलावं लागलं तरी बदला, ती दहा मिनिटं पुढे वसूल होतात.

दर अर्ध्या तासाने रिट्रॅक्टर सैल सोडा. दाबाखाली जीभ निळी पडते, सुजते, आणि ती सूज रात्री श्वास अडवू शकते.

एवढं करूनही गाठीची खालची कड दिसत नसेल, तर हा मार्ग सोडून रेडिएशनचा किंवा मानेतून जाण्याचा विचार करावा.