पंखातली रेघ

गुरुवार, रात्रीचे अकरा

दुपारपासून रामबागेत पावसाची नुसती पिरपिर चालली आहे. आई आठलाच झोपली. मी फोन उशाशी घेऊन जागी, कारण अमेरिकेत, बॉइसीत, आत्ता सकाळचे साडेअकरा वाजलेत आणि तिथल्या एका हँगरमध्ये मेकॅनिक आमच्या विमानाच्या पंखात टॉर्च आणि आरसा घालून बघतोय.

‘आमच्या’ म्हणजे निम्मं माझं, निम्मं तिथल्या मैत्रिणीचं. पुढे-मागे दोन सीटा, 150 हॉर्सपॉवरचं इंजिन, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून रंगवलेलं कापड आणि पंखात लाकडी स्पार, म्हणजे पंखाचं आढं म्हणा. जात सिटाब्रिया. ‘एअरबॅटिक’ हा इंग्रजी शब्द उलटा लिहून कुणीतरी हे नाव ठेवलं. आईला ते कधीच जमलं नाही, ती ‘तुझी ती सायबेरिया’ म्हणते.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तशी मी इंदूरला आले, त्याला सहा महिने होतील. तेव्हापासून माझं विमान फक्त मेसेजमधून उडतं. हँगरचं भाडं. विमा. ऑइल बदललं. मागच्या सीटखाली उंदराचं घरटं सापडलं. (कापडी विमानाचा खरा शत्रू वादळ नाही, उंदीर. त्याच्या मुतानं धातूसुद्धा गंजतो. आई म्हणाली, गणपतीचं वाहन तुझ्या वाहनात राहायला आलं, तर त्यात एवढं काय.) ‘विकून टाक’ हे तिचं रोजचं. ‘तासाला तीस लिटर पितं आणि नेतं दोन माणसं. आपली अ‍ॅक्टिव्हापण दोनच नेते.’ हिशोबात खोट काढता येत नाही.

आज आरसा घालायची वेळ आली ती माझ्यामुळे, हे आईला सांगितलेलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी जॉन्सन क्रीकहून परत येत होते. आयडाहोच्या डोंगरांत, दरीच्या तळाला ती गवताची धावपट्टी आहे, 3,400 फूट लांब. आपल्या इंदूरच्या बिजासन विमानतळाच्या धावपट्टीच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त. उंची 4,900 फूट. इंदूरची 1,850. तिथे सगळे जण पहाटे उतरतात आणि ऊन चढायच्या आत निघतात, कारण तापमान तिशीला गेलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण आठ हजार फुटांच्या आसपास आहोत असं वाटतं. इंजिन दमतं, पंख उचलत नाहीत, आणि समोर डोंगर. पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकून दोन रात्री राहिले. इंजिन बंद केल्यावर पहिल्यांदा ऐकू येते ती नदी. अशा जागी शेपटीखाली चाक असलेलंच विमान हवं, कारण नाकाखालचं नाजूक चाक खड्ड्यात अडकून मोडेल; आमचं नाक वर, पंखा जमिनीपासून लांब, पुढची दोन चाकं गुबगुबीत आणि कमी हवेची.

तिथे सगळं नीट झालं. घोटाळा झाला तो घरच्या विमानतळावर, लांबरुंद डांबरी पट्टीवर. उतरले छान. वेग ओसरून स्कूटरइतका उरला होता. घरी दूध आहे की नाही असा काहीतरी विचार डोक्यात आला आणि पाय सैल पडले. बाजूचा वारा शेपटीला लागला.

टेलड्रॅगरचं, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं, दुखणं हेच. वजनाचा मध्य चाकांच्या मागे असतो. बाण पिसांकडून पुढे फेकला तर जड टोक मागे राहायला तयार होत नाही, वळून पुढे येतं. तसं हे. सरळ चालतं तोवर गुणी. शेपूट जरा बाजूला सरकली की ती आणखी सरकायला बघते, आणि तुम्ही पायांनी, रडरनी (शेपटीच्या सुकाणूनं), तिला क्षणोक्षणी दटावत राहायचं. मी नव्हते दटावत. गर्रकन अर्धी गिरकी घेतली, उजव्या पंखाचं टोक डांबराला घासलं, आणि मी उलट्या दिशेला तोंड करून बसले. माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

टोक दुरुस्त झालं. त्या वेळी स्पारही पाहिले, ठीक निघाले. पण लाकूड दाबानं आतून चिरडतं, तेव्हा केसासारखी रेघ पडते, धाग्यांना आडवी, बहुतेक तिथे जिथे मजबुतीची पट्टी संपते. ती चटकन दिसत नाही. म्हणून टोक आपटलेल्या लाकडी पंखाकडे पुन्हा पुन्हा बघायचं. रेघ असली तर पंख उघडायचे, धातूचे स्पार घालायचे, आणि तो खर्च आम्हा दोघींना झेपणारा नाही. मग आईचंच खरं होईल.

संध्याकाळी लोकमान्य नगरातल्या काकांकडे गेले. वडिलांचे मित्र, ऐंशीचे. तरुणपणी फ्लाइंग क्लबात पुष्पकवर शिकले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक, 1958 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, 90 हॉर्सपॉवरचं, शेजारी-शेजारी दोन सीटा. मूळ आराखडा अमेरिकेतल्या एरोंका चीफचा. आणि माझी सिटाब्रिया निघाली एरोंका चॅम्पमधून. चीफ आणि चॅम्प एकाच घरच्या, दुसऱ्या महायुद्धानंतर बरोबरीनं आलेल्या, कितीतरी भाग सामाईक. हे मी काकांना मागेच सांगितलं होतं. तेव्हापासून ते माझ्या विमानाची चौकशी ‘भाची कशी आहे?’ अशी करतात.

आज सांगितलं की भाचीचा एक्स-रे आहे. मग गिरकीचंही सांगितलं, प्रथमच. वाटलं होतं रागावतील. ते उसळ-पोह्यांवर सेव घालत राहिले. मी उतरण्याचं वर्णन करत होते: टेकलं, वारा डावीकडून, वेग कमी होतोय... आणि टेबलाखाली काहीतरी ठक ठक वाजायला लागलं. काकांच्या चपला. उजवा पाय, डावा, पुन्हा उजवा. वर चेहरा शांत, चमच्यात पोहे. त्यांना पत्ताही नव्हता. शेवटचं उड्डाण करून त्यांना पन्नास वर्षं झाली असतील.

‘दूध?’ मग म्हणाले. ‘मी मॅचचा स्कोर आठवत होतो. आमचा पंख गवतावर घासला म्हणून वाचलो. इन्स्ट्रक्टर महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी.’

‘आणि विमान?’

‘ते काय, दुसऱ्या दिवशी उडालं. तेव्हा आरसे कोण घालत होतं गं!’ हे मला मुळीच आवडलं नाही आणि मी तसं म्हटलं. ते म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं. बघून घे. फोटो आला की मला पाठव.’

11:50. मैत्रिणीचा फोटो आला. खाली एवढंच: ‘तुला काय वाटतं? तो अजून बघतोय.’ फिकट पिवळं लाकूड, कडेला पट्टी, टॉर्चचा गोल उजेड. मोठं करून पाहिलं. उभ्या रेषा, उभ्या रेषा, आणि पट्टीपाशी एक काहीतरी. रेघ असेल, वॉर्निशवरचा ओरखडा असेल, आरशावरचा केसही असेल. पंधरा मिनिटं बघतेय, ठरत नाही.

काकांना पाठवला. एवढ्या रात्री सकाळसाठीच म्हणून पाठवला होता. दोन टिका लगेच निळ्या झाल्या.