कठडा कुठंय?

६०४ मीटर. एवढ्या उंचीवर एक सपाट खडक, त्याच्या कडेला साधी दोरीसुद्धा नाही, आणि माझी अकरा वर्षांची लेक त्या कडेकडे बागेत फिरायला निघाल्यासारखी चाललीये. मी मागून तिच्या जॅकेटची टोपी धरली ती पुढचा पाऊण तास सोडलीच नाही.

नॉर्वेतलं प्रेइकेस्टोलेन. खाली लिसेफ्योर्ड नावाच्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीचं पाणी, त्यातली बोट तांदळाच्या दाण्याएवढी. चढण साधारण ४ किलोमीटरची, वाटेत नेपाळी शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत म्हणून माझे गुडघे वाचले. पायऱ्या घालायला पार हिमालयातून माणसं आणली आणि वर कठडा लावायचं कुणाला सुचलं नाही? हे मी धापा टाकत, जरा मोठ्यानेच बोलले.

नवरा हसला. त्याला हसायचा हक्क होता, कारण मागच्या आठवड्यात मी काय काय बोलले होते ते सगळं त्याने ऐकलेलं.

सिंगापूरला दोन दिवस होतो. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर ५०० डॉलर दंड अशी पाटी, त्यामुळे लेकीने पाण्याची बाटली काढली तर मीच ती हिसकावून घेतली, तहानलेल्या पोरीच्या हातातून, आणि मग सगळा राग नियमांवर काढला. च्युइंगगमवर तर १९९२ पासून बंदी, म्हणजे काय म्हणजे! पण रात्री साडेअकराला आम्ही दोघी चालत हॉटेलवर आलो तेव्हा मी एकदाही मागे वळून बघितलं नाही, हेही खरंय.

मग हॅम्बुर्ग. सकाळची वेळ, रस्ता रिकामा, लांबवर एक गाडी नाही, चालणाऱ्यांचा दिवा लाल. मी एक पाऊल टाकलं आणि पलीकडून एक आजोबा जर्मनमधून असे कडाडले की मी जागच्या जागी थिजले. दंड खरं तर फक्त ५ युरोचा, पण त्यांचं बोट दंडाकडे नव्हतंच, माझ्या लेकीकडे होतं. पोरांच्या देखत लाल दिवा तोडायचा नाही, हे तिथे लोक फार मनावर घेतात. मला इतका राग आला! पोर माझी, जीव माझा, रस्ता मोकळा, तुमचं काय जातंय? हॅम्बुर्गचं बाकी मला फारसं आठवत नाही, ते आजोबा तेवढे आठवतात.

तर वर, त्या खडकावर, आमच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई कुत्रा घेऊन बसल्या होत्या. माझी कठड्याची कटकट त्यांनी ऐकली असणार. म्हणाल्या, "कठडा लावला तर लोक कठड्यावर चढून फोटो काढतील." मी म्हटलं, आणि कुणी पडलं तर? "पडतं कधीतरी," त्या म्हणाल्या, आवाज जराही न बदलता. हे मला अजून पचलेलं नाही. एवढ्या शांतपणे कसं म्हणू शकतं माणूस?

मग त्यांनी क्विक लुन्श नावाच्या तिथल्या चॉकलेटचा एक तुकडा लेकीला दिला आणि कागद उलटा करून दाखवला. आत डोंगरात कसं वागायचं त्याचे नियम छापलेले, एकूण ९. त्यातला एक त्यांनी इंग्लिशमध्ये समजावला: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. पोलीस नाही, दंड नाही, चॉकलेटचा कागद! त्याच बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे १९५७ पासून कायदाच आहे, मोकळ्या रानात कुणीही हिंडावं, घरापासून १५० मीटर लांब तंबू ठोकावा, मालकाला विचारायची गरज नाही. मला हे ऐकून हेवा वाटला आणि पोटात गोळाही आला.

थोड्या वेळाने लेक कुत्र्याशी खेळण्यात रमली. मी टोपी सोडली. आणि आता खरं सांगते, सगळं जग सुरक्षित करायला निघालेली मी, हळूच पोटावर आडवी झाले आणि सरपटत सरपटत कडेपर्यंत गेले. डोकं बाहेर काढलं. खालून वारा थेट नाकात. आयुष्यात इतकं मोकळं क्वचित वाटलं असेल, कुणी अडवणारं नाही, शिट्टी नाही, पाटी नाही.

तेवढ्यात मागून माझ्या जॅकेटची टोपी कुणीतरी घट्ट धरली.

"आई, बघून झालं ना? चल मागे."