पाय निमुळते करायचे तर किती डिग्री?

पुण्याजवळ धायरीच्या माझ्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये जो कोणी हौशी माणूस येतो, तो थोड्या वेळाने हेच विचारतो. "टेबलाचे पाय खाली निमुळते करायचेत. कितीचा कोन ठेवू?" फोनवर तर आधी आकडाच मागतात: दोन डिग्री चालेल की तीन? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

माझं उत्तर असं की कोन काढूच नका. किती लांबीत किती लाकूड कमी करायचंय, एवढं ठरवा.

जेवणाच्या टेबलाचा एक पाय घेऊ. लांबी ७२० मिमी, वर ४५ मिमीचा चौरस. टेबलाच्या फळीखालची आडवी पट्टी जिथे पायात बसते तो भाग सरळच हवा, नाहीतर सांधा फटीचा होतो. पट्टी १०० मिमी रुंद असेल तर त्याखाली आणखी २० मिमी सोडून उतार सुरू करायचा. उरले ६०० मिमी. तळाशी पाय २५ मिमी हवा. म्हणजे ६०० मिमीत २० मिमी जायला हवेत, तीसास एक. झालं गणित. कॅल्क्युलेटरवर याचा कोन काढलात तर साधारण १.९ अंश येतो, आणि तो येऊन काही उपयोग नसतो. कंपासपेटीतल्या कोनमापकावर एका अंशाच्या रेघा असतात, आणि ६०० मिमी लांबीवर एक अंश चुकला की तळाशी साडेदहा मिमीचा फरक पडतो. साध्या मोजपट्टीवर मात्र तुम्ही अर्धा मिमी सहज वाचता. अचूक साधन हातात असताना ढोबळ साधनाच्या भाषेत बोलायचं कशाला? आपले जुने मिस्त्री पायावर सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खुणा करायचे आणि दोन खुणा रेघेने जोडायचे. मला ती पद्धत आजही सगळ्यात भरवशाची वाटते.

उतार कुठल्या बाजूंना द्यायचा, हे कोनापेक्षा महत्त्वाचं आहे. मी आतल्या दोनच बाजूंना देतो. बाहेरच्या बाजू सरळ राहिल्या की टेबल ऐटीत उभं दिसतं. चारही बाजूंनी निमुळतं केलं की पाय आत ओढल्यासारखे वाटतात. लहान साइड टेबलाला ते शोभतं, सहा माणसांच्या टेबलाला नाही.

आता प्रत्यक्ष काप. टेबल सॉवर, म्हणजे गोल पातं वर आलेल्या कापायच्या टेबलावर, सरकणारी प्लायची पाटी करा. पाटीची एक कड त्याच पात्याने कापून घ्या, म्हणजे ती कड हीच कापाची रेघ. पायावरच्या दोन खुणा या कडेवर आणायच्या, मागे आणि बाजूला ठोकळे ठोकायचे, वरून क्लॅम्पने दाबायचं. कोन आपोआप साधतो आणि चारही पायांना तोच मिळतो. फक्त खुणा कुठे करता ते बघा. बाजूवर आखलेली तिरकी रेघ पहिल्याच कापात निघून जाते. म्हणून पायाच्या तळावर, बाहेरच्या कोपऱ्याला धरून, २५ मिमीचा चौकोन आखा आणि उतार सुरू होतो तिथे चारही बाजूंनी रेघ फिरवा. पहिल्या कापाच्या वेळी दुसरी आतली बाजू खाली ठेवा. मग पाय फिरवला की कापलेली बाजू वर येते आणि पाय पाटीवर सपाट बसतो. ती खाली गेली तर पाय डुगडुगतो, आणि पात्याजवळ डुगडुगणारं लाकूड फार धोक्याचं.

रंधा मारताना जाड टोकाकडून बारीक टोकाकडे जा. उलट गेलात की सागाचे तंतू उचकटतात.

पाटीऐवजी बिजागरीची कोनपट्टी (एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या, हव्या तेवढ्या उघडता येणाऱ्या दोन पट्ट्या) वापरून चारही बाजू कापणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पहिल्या दोन लगतच्या बाजूंना १० मिमीचा उतार लावलात, तर समोरच्या दोन बाजूंना २० मिमीचा लावावा लागतो, कारण आता कोनपट्टीला टेकलेली बाजूच तिरकी झालेली असते.

कोनाची खरी गरज पडते ती पाय बाहेर फाकवलेल्या स्टुलाला. तिथेही मी मिमीच धरतो. स्टूल ४०० मिमी उंच, पाय समोरून ७० आणि बाजूने ७० मिमी बाहेर. मग बैठकीच्या कर्णाच्या दिशेने तो ९९ मिमी बाहेर जातो. प्लायच्या तुकड्यावर ४०० आणि ९९ चा काटकोन त्रिकोण काढा आणि तिरका गुण्या (हव्या त्या कोनात घट्ट करता येणारा) त्यावर लावा. समोरून आणि बाजूने दहा-दहा अंश दिसणारा पाय कर्णावर चौदा अंशांचा असतो; भोक पाडायचं ते या चौदाने, बैठकीच्या कर्णाच्या रेघेवर. पायाची लांबीही ४०० राहत नाही, ४१२ होते, त्यामुळे लाकूड जरा लांबच घ्या. गोल निमुळता पाय असेल तर गुण्या पायाच्या अंगाला लावू नका, कोन मध्यरेषेपासून धरा.

तळाचा काप सगळ्यात शेवटी. स्टूल जुळवून सपाट ओट्यावर ठेवा, पाचरी सारून बैठक लेव्हलमध्ये आणा. ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती फिरवा आणि त्या रेघेवर करवत चालवा.