चीनहून सॉर्टेक्स मागवताना: माझा अनुभव

आमची तुरीची डाळमिल लातूरला आहे. बाजारात व्यापारी कट्ट्यात हात घालतो, मूठभर डाळ तळहातावर पसरतो आणि दोन काळे दाणे दिसले की भाव पाडतो. पूर्वी डाळ निवडायला पंधरा-वीस बायका यायच्या, आता तीन येतात. म्हणून २०२३ च्या दसऱ्याला ठरवलं की नवी तूर यायच्या आत सॉर्टेक्स बसवायचं. कलर सॉर्टर कुठल्याही कंपनीचा असो, डाळमिलवाले त्याला सॉर्टेक्सच म्हणतात. वरून घरंगळणाऱ्या दाण्यांवर कॅमेरे नजर ठेवतात आणि काळा दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो.

"चीनचं?" आमच्या अप्पांनी एवढंच विचारलं. गलवानची चकमक ते विसरले नव्हते, मीही नव्हते. इथल्या मशीनची चौकशी आधी केली होती, पण आमच्या ऐपतीत काही बसेना. हफेई हे आन्हुई प्रांतातलं शहर म्हणजे सॉर्टर बनवणाऱ्यांचं गावच. तिथल्या तीन कारखान्यांकडून कोटेशन मागवली. २०२३-२४ मध्ये भारताने चीनकडून १०० अब्ज डॉलरहून जास्त माल घेतला आणि त्यांना विकला तो १७ अब्जांहूनही कमी. त्या तफावतीत आमचंही एक मशीन आहे, हे मला सलतं. इथे परवडणारा पर्याय उभा राहिला तर पुढचं मशीन मी तेच घेईन.

आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, डीजीएफटी या विदेश व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपये भरून लगेच मिळाला. पॅन नंबर हाच कोड असतो. वेळ गेला तो बँकेत. आमच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचं काम होत नव्हतं, फाइल मोठ्या शाखेत गेली. एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँक शाखेचा नंबर, न्हावा शेवा बंदरासाठी कस्टम्सकडे नोंदवून घ्यायचा असतो, हे मला तिथे कोणी सांगितलं नाही. ते सांगितलं आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने. तुम्ही मागवणार असाल तर ऑर्डर देण्याआधी सीएचए गाठा.

सौदा ठरला एफओबी शांघाय. मशीन शांघायच्या जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्यांचा, पुढचं भाडं आणि विमा आमचा. ३० टक्के ॲडव्हान्स, उरलेले ७० टक्के मशीन चालवून दाखवल्यावर. खातं क्रमांक मेलवर आला तरी मी व्हिडिओ कॉल करून तो आकडा न् आकडा वाचून घेतला, कारण मधल्या मध्ये मेल बदलून पैसे लाटल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. वुईचॅटवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आणि व्हॉट्सॲप तिकडे बंद. त्यांच्या विक्री विभागातली मुलगी व्हीपीएन लावून व्हॉट्सॲपवर यायची, ते तुटलं की दोन-दोन तास बोलणं बंद.

ड्युटीचा हिशेब मात्र मी अर्धवट केला होता. बेसिक ड्युटी, तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज आणि मशीनची किंमत धरून या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. जुलै २०२२ आधी या मशीनवर तो ५ टक्केच होता. भरलेला आयजीएसटी पुढे विक्रीवरच्या करातून वळता होईल, म्हणजे त्याचं क्रेडिट मिळेल, असं मी धरून चालले होते. आमचे सीए म्हणाले, "ताई, तुम्ही डाळ ३० किलोच्या कट्ट्यात विकता. २५ किलोच्या वरच्या पॅकिंगला जीएसटी नाही. विक्रीवर कर नाही, तर क्रेडिट कसलं?" तो सगळा १८ टक्के मशीनच्या किमतीतच धरावा लागला. डाळमिलवाल्यांनी हे आधी वहीत मांडावं, मगच कोटेशन मागवावं.

जहाज जानेवारीत न्हावा शेव्याला लागलं. दुसऱ्या दिवशी सीएचएचा फोन आला, "ताई, कॉम्प्रेसरच्या पेटीवर शिक्का नाही."

परदेशातून येणाऱ्या लाकडी पेटीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा कोड आणि लाकूड तापवल्याची किंवा त्याला औषधी धुरी दिल्याची खूण लागते, नाहीतर लाकडातली कीड आपल्याकडे येईल. सॉर्टरच्या पेटीवर शिक्का ठळक होता. झोतासाठी हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची पेटी बहुधा दुसरीकडून आली होती, तिच्या फळ्या कोऱ्या. मी पॅकिंग लिस्ट दहा वेळा वाचली होती, पेटीचा फोटो एकदाही मागवला नव्हता. प्लांट क्वारंटाइन, म्हणजे बाहेरून येणारी कीड रोखणाऱ्या सरकारी खात्याच्या देखरेखीखाली तिथेच फ्युमिगेशन, म्हणजे औषधी धुरी देणं, झालं. त्यात पाच दिवस गेले. माल पडून राहिल्याचं रोजचं ग्राउंड रेंट वेगळं, कंटेनर अडकल्याबद्दल शिपिंग लाइनचं डिटेन्शन वेगळं. इकडे बाजार समितीत नवी तूर उतरत होती आणि अप्पा रोज सकाळी "सुटलं का?" म्हणून विचारत होते.

त्या पाच दिवसांनी माझी झोप उडवली, कारण १० फेब्रुवारीला चिनी नववर्ष होतं. त्याआधीच कारखाना बंद होऊन सगळे गावी जातात. आणि त्या काळात चिनी तंत्रज्ञाला भारताचा व्हिसा मिळणं महाकठीण, त्यामुळे मशीन बसवायचं ते फोनवरच. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. आमचा वायरमन पहाटे साडेपाचला मिलमध्ये हजर, मी फोन धरून उभी, पलीकडून कारखान्याचा इंजिनिअर एकेक स्क्रीन उघडायला सांगायचा आणि विक्री विभागातली ती मुलगी इंग्रजीत समजावायची. चौथ्या दिवशी डाळ सोडली. टकटक टकटक करत झोत सुरू झाले. अप्पांनी रिजेक्टच्या नळीखाली ओंजळ धरली, खळ्यात बसतात तसे खाली बसले आणि दाणे वेगळे करू लागले. दहातले चार चांगले. "हे काय, चांगला दाणाच फेकतंय." मी त्याच ओंजळीचा फोटो पाठवला. पलीकडे सेन्सिटिव्हिटी कमी करायला सांगितली, पुन्हा ओंजळ, पुन्हा फोटो. सहाव्या ओंजळीला अप्पा उठले आणि हात झटकून म्हणाले, "आता कट्टे लावा."

परवा त्याच कारखान्याकडून इजेक्टरचे, म्हणजे हवेचा झोत सोडणाऱ्या भागाचे, स्पेअर मागवले. पेटी बंद करण्याआधी तिच्या चारही बाजूंचे फोटो पाठवा, असं मी त्या मुलीला लिहिलं. तिने सहा पाठवले, वरचा आणि खालचा धरून.