नागपूरचा चंद्र

परवा संकष्टीच्या दुपारी कुमठेकर रस्त्यावर साबुदाणा वड्याच्या रांगेत उभा होतो. उपास नव्हता, फक्त वडा हवा होता. पुढच्या बाईंनी कोणाला असं नाही, पण रांगेला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "आज चंद्रोदय कितीचा?" हेल्मेट काखेत धरलेल्या एका पोराने फोन बघून सांगितलं, "नऊ सत्तावीस." लगेच मागून आवाज आला, "ती मुंबईची वेळ. आपली नऊ तेवीस." बोलणाऱ्या गृहस्थांनी खिशाला हातही लावला नव्हता. बाई म्हणाल्या, "बरं झालं, चार मिनिटं वाचली!" आणि खरोखर खूश झाल्या.

गृहस्थांचं बरोबर होतं. पुणे मुंबईच्या पूर्वेला, म्हणून चंद्र आधी आपल्याकडे. पुणेकराला हे भूगोलामुळे माहीत असतं की स्वभावामुळे, देव जाणे.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात दिनदर्शिका माजघरातल्या खुंटीला असायची. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, कामवालीची उचल, सगळा संसार तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेला. त्यातच बारीक अक्षरांत गावोगावचे चंद्रोदय. संध्याकाळी सात वाजले की आजोबा चष्मा कपाळावर चढवून त्या यादीवरून बोट फिरवत, आणि ते बोट न चुकता नागपूरवर थांबे. तिथे चंद्र आपल्या वीसेक मिनिटं आधी उगवतो. "चंद्र एकच ना? मग उगवला तो," असं म्हणत ते पाट ओढायला लागत.

"मग नागपूरला जाऊन जेवा," आजी म्हणायची.

आजीला नागपूर तर नाहीच, पुण्याची छापील वेळसुद्धा पुरायची नाही. ती वेळ मोकळ्या क्षितिजाची. आमच्या गच्चीवरून पूर्वेला बुधवार पेठेकडे एक नवी इमारत झाली होती आणि तिच्या पाण्याच्या टाकीमागून वर यायला चंद्र आणखी पाव तास खायचा. ताम्हन, पळी, दूर्वा घेऊन आजी कठड्याशी उभी. मी लाकडी जिन्यावर मधोमध, निरोप्या. खालून आजोबा विचारत, "टाकी ओलांडली का?" मी वर बघून सांगायचो, "कान दिसतोय." मोदकांवर झाकलेलं केळीचं पान तोवर वाफेने काळपट पडलेलं असायचं.

आषाढ-श्रावणात मात्र सगळा कायदा बदलायचा. आभाळ गच्च, चंद्राचा मागमूस नाही. मग छापील मिनिट भरलं की आजी सरळ ढगाला अर्घ्य द्यायची. "आता कागदावर बरा विश्वास बसला," आजोबा टोमणा मारत. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "तो दिसणार असताना त्याला न बघता जेवणं हा अपमान. आज त्याचाच नाइलाज आहे."

हा कागदही काही आकाशातून पडलेला नाही. जुन्या गणिताची पंचांगं आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा आपल्या पुण्यातल्या केरूनाना छत्र्यांनी इंग्रजांच्या नाविक पंचांगाचा आधार घेऊन नवं गणित मांडलं. छत्रे १८८४ मध्ये गेले. टिळक त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे पंचांगाचा वाद पुढे कित्येक वर्षं चालू राहिला यात नवल नाही. जहाजं बुडू नयेत म्हणून केलेली गणितं आमच्या मोदकांच्या कामी आली, हे आजीला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिने ताम्हन खाली ठेवलं नसतं.

आईचीही तीच जात. २३ ऑगस्ट २०२३ ला 'विक्रम' चंद्रावर उतरलं तेव्हा तिने टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पुढच्या संकष्टीला आमच्या कोथरूडच्या बाल्कनीत अर्घ्य देताना तिने एक पळी जास्त सोडली. विचारलं तर म्हणाली, "आपलं एक माणूस आहे ना तिथे." ते यंत्र आहे, असं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

वाडा १९६१ च्या पुरातून वाचला, बिल्डरच्या तावडीतून नाही. पण वाडा पडायच्या आधीच आजोबा गेले. त्यानंतरची पहिली संकष्टी आठवते. आजीने सगळं साग्रसंगीत केलं, आरती झाली, पण ती गच्चीवर जाईना. माजघरात दिनदर्शिकेसमोर उभी राहिली, यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वाढा. उगवला." घड्याळात बघितलं तर पुण्याच्या चंद्राला अजून वीस मिनिटं होती. ती असेतो मग तसंच चाललं. कोणी काही विचारलं नाही.

परवा वडा खाता खाता आठवलं म्हणून घरी आल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, "वय झालं होतं रे. भूक धरवत नसेल."